गोळाभाताचा पूर्वपक्ष

नागपूरला लोक लग्नाला जातात, बदली झाली म्हणून कुरकुरत जातात, येताना संत्र्याची बर्फी घेऊन येतात. मी नागपूरला भांडायला गेले होते. प्रवासाला निघताना मी एरवी आधी औषधांचा डबा भरते. या खेपेला सगळ्यात आधी बॅगेत गेला तो माझा लेख छापलेला एका त्रैमासिकाचा अंक. प्रवासात पुन्हा एकदा वाचून भांडणाची तयारी करावी, असा बेत होता.

भांडणाचं कारण सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी सांगलीची. कॉलेजात मराठी शिकवलं, निवृत्त झाले आणि मग खाण्यापिण्यावर लिहायला लागले. दोन वर्षांमागे हिवाळ्यात मी काटोलला सुमनताईंकडे राहून आले. सुमनताई तिथल्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग. ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीने त्यांच्याकडे उतरले आणि चार दिवसांसाठी गेलेली मी पंधरवडाभर हलले नाही. कारण त्यांच्या हातचा गोळाभात. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, तिखट, मीठ, हळद, हिंग घालून गोळे वळायचे, भात शिजत आला की त्याच्या पोटात ठेवून वाफ द्यायची. पानात गोळा कुस्करायचा आणि वरून मोहरी-मिरचीचं कडकडीत तेल. सोबत कढी. परत येऊन मी त्यावर लांबलचक लेख लिहिला.

लेख लिहिण्याची माझी एक पद्धत आहे. मला ज्या सरांनी लिहायला शिकवलं ते शास्त्रीबुवांच्या घराण्यातले. ते म्हणत, वादात आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. आणि असा मांडायचा की समोरच्यालाही वाटावं, अरे, हे मला कसं सुचलं नाही! मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. समोरच्याला लेचापेचा करून पाडणं हा त्यांच्या मते शुद्ध भ्याडपणा होता. तेव्हा मीही लेखाच्या पहिल्या भागात गोळाभाताच्या विरोधकांची बाजू सजवून मांडली. ‘गोळाभात हा पदार्थच नव्हे, अवेळी पाहुणे आले आणि घरात भाजी नसली, की अडचणीत सापडलेल्या बाईने केलेली ती सोय आहे,’ असं एक झकास वाक्य त्यात जमून गेलं. दुसऱ्या भागात सुमनताईंच्या स्वयंपाकघराच्या आधाराने मी ते म्हणणं पार झोपवलं होतं.

नागपूरचे प्राध्यापक दाभेकर हे वडाभाताचे, म्हणजे डाळीचे वडे तळून भातावर कुस्करण्याचे, कट्टर अभिमानी. त्यांनी आपल्या लेखात माझं ते झकास वाक्य तेवढं उचललं आणि वर लिहिलं, ‘खुद्द सांगलीच्या लेखिकेनेही हे मान्य केले आहे.’ तिथून ते एका पेपरच्या रविवार पुरवणीत गेलं. तिथून मोबाइलवर, गुलाबाच्या चित्रासकट. आणि सावनेरला कुठल्याशा लग्नात भर पंगतीत सुमनताईंच्या नणंदेने ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. ‘दोन आठवडे जेवू घातलं वहिनी तुम्ही, अन् बाई काय लिहून गेली पाहा,’ असं म्हणाल्या म्हणे. तेव्हापासून सुमनताई माझा फोन उचलत नव्हत्या. वादाचं काय व्हायचं ते होवो, मला सुमनताई परत हव्या होत्या. इतक्या वयात नवी मैत्रीण मिळते कुठे, आणि मिळालेली अशी फुकट घालवायची?

तेवढ्यात दाभेकरांचंच निमंत्रण आलं. विदर्भाच्या खाद्यपरंपरेवर चर्चासत्र आहे, आपल्या बाजूच्या म्हणून तुम्ही हव्याच. आपल्या बाजूच्या! मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

नागपूर

स्टेशनवर डोक्याला मफलर गुंडाळलेला एक उंच, आनंदी गृहस्थ हातात फुलांचा भलामोठा गुच्छ घेऊन उभा होता. हेच दाभेकर. मी मनात दातांनी ओठ चावणाऱ्या, जाड चष्म्याच्या माणसाशी भांडण ठरवलं होतं, हा तर दिसताक्षणी माझी बॅग ओढून चालायलाच लागला.

“सर, तुमच्या त्या लेखाविषयी मला जरा…” मी सुरुवात केली.

“बोलू ना मॅडम, निवांत बोलू. आधी नाश्ता. उपाशी पोटी काहून बोलायचं?”

नाश्ता म्हणजे तर्री पोहे. आमच्याकडे पोहे ही सौम्य गोष्ट आहे, खोबरं, कोथिंबीर, लिंबू, बाळबोध. इथे टपरीवाल्याने पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा पळीपळीने ओतला, वर चिवडा भुरभुरला, आणि ‘और लगी तो बोलना’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफा निघाल्या. दुसऱ्याला राग कुठे ठेवला ते आठवेना. तिसऱ्या घासाला मी और मागितली.

गेस्ट हाउसवर सामान टाकून मी पुन्हा विषय काढला. तोवर चहा आला. दुपारी धरमपेठेत हिंडताना काढला, तर एका दुकानात गरम सांभारवडी निघत होती. इथे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि तिची वडी करताना ते तिच्याबाबत अजिबात हात आखडत नाहीत. आमची कोथिंबीर वडी तिच्यापुढे काटकसरी वाटते. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठी गार वारा सुटला होता, पाण्यावर दिवे हलत होते. आता तोंड उघडायचं, असं ठरवून मी घसा खाकरला. दाभेकरांनी लगेच विचारलं, “थंडी वाजून राहिली काय? चला, गरम काही तरी घेऊ.”

एका दिवसात मला नागपूरची ही रीत कळून चुकली. सांगलीत आम्ही आधी भांडतो, आणि भांडण मिटलं की चहा ठेवतो. इथे आधी खाऊ घालतात, आणि एवढं खाऊ घालतात की माणसाला भांडायला बसताच येत नाही. मी वैतागले होते आणि सुखातही होते. रात्री गेस्ट हाउसच्या जाड रजईत शिरताना ठरवलं, की आता उद्या चारचौघांतच बोलायचं. व्यासपीठावर कुणी तर्री वाढणार नाही.

चर्चासत्र

एका कॉलेजच्या सभागृहात खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. वडाभाताच्या आणि गोळाभाताच्या बाजूचे लोक लग्नातल्या दोन पक्षांसारखे समोरासमोर बसले होते. आधी दाभेकर बोलले. त्यांनी माझं वाक्य पुन्हा एकदा, हात उंचावून म्हणून दाखवलं आणि माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. गोळाभाताच्या बाजूच्या बायकांनीही माझ्याकडे पाहिलं, त्यात मात्र प्रेम नव्हतं. त्यांच्यातली एक शेजारणीला म्हणालीच, “हेच व्हय वं ते बाई!”

मग माझी पाळी. मी ताडकन उभी राहिले. तिथे मी एवढंच म्हणायला हवं होतं, की हे माझं मत नाही, दाभेकरांनी अर्धंच वाचलंय. एका दमात होणारं काम. पण जन्मभराची सवय! माझ्या तोंडून निघालं, “आधी दाभेकर सरांची बाजू नीट समजून घेऊ.” आणि मी पूर्वपक्ष मांडायला लागले.

काय सांगू, फार रंगला हो. दाभेकरांना स्वतःला सुचले नव्हते असे मुद्दे मी त्यांना दिले. वड्याला तळणीचा मान आहे, गोळ्याला फक्त वाफ. वडा सणाला होतो, गोळा अडचणीला. वडाभाताचा बेत आदल्या दिवशी ठरतो, गोळाभाताचा पाहुणा दारात आल्यावर. दाभेकर खुर्चीतून अर्धे उठून टाळ्या वाजवत होते. मलाही चेव चढला. मी त्या टोकाला पोचले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “आता या सगळ्याला उत्तर काय?”

तेवढ्यात अध्यक्ष उठले. “मॅडम, उत्तर जेवणानंतर घेऊ. खाली वडाभात गार होऊन राहिला.”

सभागृह रिकामं व्हायला मिनिटही लागलं नाही. वडाभात फक्कड झाला होता, हे विरोधी पक्षाची म्हणून मी मुद्दाम नोंदवते. त्यानंतर मठ्ठा, त्यानंतर संत्री. आणि त्यानंतर, ज्यांचं घर जवळ होतं ते घरी जाऊन लवंडले, लांबचे बसस्टँडला गेले. सकाळी पहिल्या रांगेत बसून भराभरा लिहून घेणारा बातमीदार जेवायलासुद्धा थांबला नव्हता. माझा उत्तरपक्ष मी रिकाम्या खुर्च्यांना, दोन पेंगणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांना आणि दाभेकरांना ऐकवला.

दाभेकर मात्र शेवटपर्यंत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. मी खाली येताच ते जवळ आले.

“म्हणजे मॅडम… ते तुमचं मत नव्हतं?”

“नव्हतं.”

“अन् लेखात?”

“लेखातही नव्हतं. पुढे पानंच्या पानं उत्तर आहे. तुम्ही ती वाचली नाहीत?”

त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. “नाही वाचली. मले पाहिजे होतं ते वाक्य सापडलं ना. एवढं चांगलं वाक्य, की अंक मिटला अन् लिहायलेच बसलो.”

इतकं सरळ कबूल केल्यावर माणसावर ओरडायचं कसं? दोन महिने जपलेला राग माझ्या हातातून सटकला. मग मी त्यांना सुमनताईंची सगळी गोष्ट सांगितली, लग्नाची पंगत, नणंद, न उचललेले फोन. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी मला काही खायला विचारलं नाही.

काटोल

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभेकर पेपर घेऊन गेस्ट हाउसच्या दारात उभे. चेहरा असा, की मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. त्यांनी पेपर पुढे केला. ‘गोळाभात ही सोयच! सांगलीच्या लेखिकेकडून पुनरुच्चार.’ शेजारी माझा फोटो, हात हवेत, तोंड उघडं, पूर्वपक्षाच्या ऐन भरात.

मी पलंगावर बसले आणि हसत सुटले. दुसरं काय करणार? दाभेकर आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. पण हसता हसता माझ्या पोटात गोळा आला, भाताशिवायचा. हा पेपर काटोललाही जात असणार, आणि सुमनताई सकाळी चहासोबत पेपर वाचतात.

“चला,” दाभेकर म्हणाले, “गाडी आणली. काटोलले जाऊ. मी सांगतो त्याईले.”

सगळ्या रस्ताभर ते माफी मागत होते, आणि माफीच्या नादात त्यांनी सावनेरचा रस्ता धरला. बऱ्याच पुढे गेल्यावर पाटी दिसली तेव्हा आमच्या लक्षात आलं. परत फिरलो. काटोल रोडला लागल्यावर दोन्ही बाजूंना शेतं, मग संत्र्याच्या बागा. काळपट हिरव्या झाडांत केशरी फळं इतकी, की फांद्यांना खाली बांबूचे टेकू दिलेले. गावाच्या तोंडाशी संत्र्यांनी भरलेले ट्रक उभे, आणि हवेत सालीचा कडसर वास. दोन वर्षांपूर्वी हाच वास घेऊन मी सांगलीला गेले होते आणि कितीतरी दिवस माझ्या शालीला तो येत होता.

सुमनताई अंगणात ऊन खात बसल्या होत्या. पेपर मांडीवर. आम्हाला पाहून त्या उठल्या, पदर सावरला.

“या मॅडम,” त्या म्हणाल्या.

मी जागीच थबकले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच दिवसापासून मी ‘ताई’ झाले होते. त्या ‘मॅडम’ने मला जेवढं लागलं तेवढं पेपरातल्या बातमीने लागलं नव्हतं.

पाणी आलं, चहा आला. मग सुमनताई म्हणाल्या, “जेवून जा. भाजी-पोळी करते. गोळाभात नाही करत बाप्पा. तुमच्यासारखे मोठे पाहुणे आले, अन् सोय काहून वाढू?”

बोलणं चेष्टेचं होतं, डोळे चेष्टेचे नव्हते. मी काही बोलणार तेवढ्यात दाभेकर उभे राहिले. शाळेत गृहपाठ न आणलेल्या पोरासारखे हात पुढे बांधून.

“ताई, चूक माझी हाय. याईनं तसं म्हटलंच नाही. मी अर्धं वाचलं अन् अर्धं छापलं. काल पेपरवाल्यानं अर्धं ऐकलं अन् अर्धं छापलं.”

“मंग ते वाक्य लिहिलं कोनं?” सुमनताईंनी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं.

“मीच,” मी म्हणाले. “पण दुसऱ्याच्या वतीने लिहिलं.”

पूर्वपक्ष म्हणजे काय, ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पण पटत नव्हतं. त्रैमासिकाचा अंक मी त्यांना पाठवला होता, तो त्यांनी उघडलाच नव्हता. पेपरात आल्यावर आणखी काय वाचायचं, म्हणाल्या. मग मी बॅगेतला अंक काढला आणि तिथेच अंगणात वाचायला बसले, पहिल्यापासून. पूर्वपक्ष वाचताना मला घाम फुटला. छापलेलं वाक्य निराळं आणि ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या तोंडावर ते म्हणणं निराळं. सुमनताई मध्येच थांबवत होत्या. “सोय म्हणे! डाळ चार तास भिजवाले लागते, ते काय पाहुणा दारात आल्यावर भिजवता येते काय?” पुढे उत्तरपक्षात हेच त्यांच्या नावाने आलं, तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हे आधी काहून नाही लिहिलं वं?”

सरांनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं, पण त्या अंगणात ते काही कामाला येईना.

मग दाभेकर पुढे सरकून म्हणाले, “ताई, एक सांगू? आमच्या घरी तो सोय म्हणूनच व्हायचा. वडील कोणालेही घेऊन यायचे, न सांगता. आई डाळ न भिजवताच बेसनाचे गोळे करून टाकायची भातात. घाईघाईत. पाहुणे जेवून उठले की ती रडायची, की आज वडे नाही झाले. म्हणून मले तो कधी आवडलाच नाही.”

म्हणजे मी ज्याच्या वतीने लिहिलं म्हणत होते, तो माणूस खरोखरच होता आणि माझ्या शेजारी बसला होता. लिहिताना मी त्याला कल्पनेतला विरोधक समजले होते.

सुमनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज एकदम उतरला. “पाहुणे उपाशी गेले काय कधी?”

“नाही. कधीच नाही.”

“मंग रडाले काय झालं होतं त्या माउलीले? सांगाले पायजे होतं तिले कोनी तरी.” त्या उठल्या. “बसा. डाळ भिजलेली हाय माझी. सकाळीच टाकली होती.”

सकाळीच! म्हणजे पेपर वाचल्यावर की आधी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

जेवायला आतल्या सोप्यात पाट मांडले. गोळा कुस्करला, तेलाची धार चर्र करून पडली, कढीची वाटी आली. दाभेकरांनी पहिला घास घेतला आणि मान खाली घालून जेवत राहिले. वडाभाताचा एवढा अभिमानी माणूस, पण त्याने पान पुढे सरकवून तिसऱ्यांदा भात मागितला. मीही जेवत होते. शेवटी राहवलं नाही.

“सुमनताई, एकदा तरी फोन उचलायचा होता हो. रोज करत होते मी. फार वाईट वाटायचं मला.”

“मले नाही वाटलं काय वाईट?” त्या पळी हातात धरून म्हणाल्या. “लय राग आला होता. पण फोनवर काय भांडू? मले भांडाले समोर मानूस लागते. म्हटलं, येईन ते बाई कधी ना कधी, तव्हा चांगलं भांडू.”

“मग भांडा की. आलेय मी.”

“आधी जेवा ना वं ताई,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक गोळा घातला. “मंग भांडू.”

जेवण झाल्यावर आम्ही अंगणात चटई टाकली आणि खरंच भांडलो, मनापासून, आवाज चढवून. दाभेकर मध्ये पडायला आले तेव्हा दोघींनी मिळून त्यांना गप्प बसवलं. ऊन भिंतीवर चढून गेलं, दाभेकर गाडीत जाऊन झोपले, तरी आमचं चाललंच होतं. गेल्या कित्येक दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.